किचनचा अर्धा इंच

भाड्याची जागा बघायला मी त्या घरी गेले, तेव्हा काकांनी माझं नाव विचारलं नाही. दार उघडलं, माझ्या टोपीवरचा बर्फ पायपुसण्यावर पडताना बघितला आणि म्हणाले, "झोपताना किती लागतं तुला?"

मी एक पाऊल मागे सरकले. एकटी मुलगी, परका देश, आणि दारात हा उंच, टक्कल पडलेला, ऐन जानेवारीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून उभा असलेला माणूस. पळून जावं की काय, असा विचार करतेय तोवर आतून बाईचा आवाज आला, "अगं, टेंपरेचर विचारतायत ते. ये तू आत."

पुण्यात आम्ही पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, एवढाच विचार करून झोपत होतो. इथलं फॅरनहाइटचं गणित मला नवीनच, मी आपलं काहीतरी ठोकून दिलं, "पासष्ट वगैरे. अंदाजे."

काकांचा चेहरा पडला. "अंदाजे हा शब्द या घरात चालत नाही," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "वरच्या मजल्याला विजेचे हीटर आहेत. माझ्या सिस्टिमवर तू येत नाहीस. म्हणून सोडून देतो."

अशी मला जागा मिळाली. ॲन आर्बरमधलं जुनं लाकडी दुमजली घर, खाली काका आणि काकू, वर मी. माझ्याकडे यायला घराच्या मागून, उघड्यावरचा एक लाकडी जिना. मी युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये पोस्टडॉक होते. त्या घरात काढलेल्या वर्षांत माझं संशोधन किती पुढे गेलं ते विचारू नका, पण घर गरम करायला पाण्याचा पाइप किती इंची घ्यावा, यावर मी आजही कोणाशीही भांडू शकते.

काका मूळचे नागपूरचे. शिकायला मिशिगनला आले आणि गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून राहिले ते रिटायर होईपर्यंत. सगळी नोकरी गाड्यांची इंजिनं थंड ठेवण्यात गेली. "जन्मभर लोकांच्या गाड्या थंड केल्या, आता माझं घर मला गरम करू द्या," असं ते म्हणत, जणू कोणी त्यांचा हात धरून ठेवला होता. नागपूरच्या भावाचा फोन आला की पहिला प्रश्न, "किती आहे तिकडे?" तिकडून पंचेचाळीस असं उत्तर आलं की काका हळहळायचे. "आणि सगळं फुकट!" म्हणायचे.

घरात खोलीगणिक एक थर्मामीटर. बाथरूममध्येही एक. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी ते सगळ्या खोल्यांतल्या, गरम पाणी फिरणाऱ्या लोखंडी रेडिएटरवर पंजा ठेवत फिरायचे. प्रत्येकापाशी डोळे मिटून उभे राहायचे. काकू त्याला 'डॉक्टरांचा राउंड' म्हणायच्या. घरात कोणी स्वेटर घातलेला त्यांना खपत नसे. स्वेटर घातला म्हणजे आपलं घर नापास झालं, असं त्यांचं म्हणणं. काकूंना शाल लागायचीच, पण त्या ती काका बेसमेंटमध्ये गेले की पांघरायच्या आणि जिन्यावर पावलं वाजली की सोफ्याच्या उशीमागे कोंबायच्या. मीसुद्धा खाली जेवायला जाताना स्वेटर वर काढून ठेवायची. भीतीच वाटायची त्यांची, खोटं कशाला बोलू.

दारात उभं राहून निरोप घेण्याची आपली रीत तर त्यांच्या डोक्यात जायची. काकूंच्या मैत्रिणी निघायच्या, चपला घालायच्या, अर्धं दार उघडायच्या आणि तिथेच खऱ्या गप्पांना सुरुवात व्हायची. मग आतून गर्जना यायची, "आत या, नाहीतर बाहेर जा! मधे उभं राहून मिशिगन गरम करून राहिल्या का?" हळूहळू मैत्रिणी शहाण्या झाल्या. सगळे निरोप किचनमध्येच उरकून, कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढून, मुकाट्याने बाहेर पडायला लागल्या.

मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना काका हॉलच्या कोपऱ्यात कागदी रुमालाची पट्टी धरून गरम हवा कुठून येते ते बघत. कोणाच्या नव्या घराची वास्तुशांत असली की यजमानांचं अभिनंदन राहायचं बाजूला. "तुमच्या पाहुण्यांच्या खोलीत हवा पोचून नाही राहिली," असं सांगून ते पेढा उचलत. लोक रागवत. काका म्हणत, "राग काहून येतो? थंडी पाहुण्यांना वाजणार आहे."

हे सगळं मी हसत सांगतेय. पण मी राहायला गेले त्याच हिवाळ्यात एक दिवस हसण्यासारखा राहिला नाही. कडाक्याच्या थंडीत पुढच्या खोलीतला गंजका पाइप फुटला. पाणी तापवणारा बेसमेंटमधला बॉयलर बंद करावा लागला. दुरुस्तीला माणूस मिळेपर्यंत घर गारठलं आणि काकूंना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये त्यांच्या नाकाला नळी लावलेली, पलीकडे काका अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसलेले. त्यांची एकुलती एक मुलगी कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून विमानाने आली होती. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "बाबा, इनफ. हाउस विका. माझ्याकडे रूम आहे, आईला सन मिळेल. मी आता डिस्कस नाही करणार."

काकांनी मान वर केली नाही. "एक हिवाळा दे," म्हणाले. "सगळे पाइप मी नवीन टाकतो. एक हिवाळा."

मुलगी बापावरच गेलेली. तिने अट घातली. पुढच्या जानेवारीत ती सगळ्यात थंड आठवडा बघून येणार. घरातली एक जरी खोली आईला थंड लागली, तर घर विक्रीला. काकांनी कबूल केलं.

नंतर काकू मला म्हणाल्या, "मला गं काय, मी तिकडेही राहीन. पण यांना नाही जमायचं. तिथे थंडीच नाही. उन्हात वाळवणासारखे पडून राहतील, आणि एक दिवस उचलायला जावं तर उठणारच नाहीत." हे त्या हसून बोलल्या, पण पदराने डोळे पुसले.

बर्फ वितळल्यावर काका कामाला लागले. आधी एक कॉन्ट्रॅक्टर येऊन गेला. बिचारा सज्जन माणूस होता. बेसमेंटमध्ये फिरला आणि म्हणाला की सगळीकडे एक इंची पाइप टाकू, सेफ राहील. काकांनी त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. मग तासभर माझ्यासमोर धुमसत राहिले.

"सेफ हा कोणता साइज आहे? दुकानात मिळून राहिला का? हे बघ. आधी प्रत्येक खोली बाहेर किती उष्णता सांडते ते काढायचं. तेवढी उष्णता पोचवायला किती पाणी लागेल ते काढायचं. आणि तेवढं पाणी नीट जाईल एवढाच पाइप घ्यायचा. बारीक घेतला तर पाणी सूंसूं ओरडतं आणि शेवटच्या खोलीला काही उरत नाही. जाड घेतला तर रेंगाळत जातं, हवेचे बुडबुडे वाटेत सोडून देतं. पंगत पाहिली ना तू? शेवटच्या पानावर वरण गरमच पडलं पाहिजे, आणि वाढप्याने धावायचंही नाही. एवढंच आहे हे सगळं."

"पण काका, थोडा जाड घेतला तर काय बिघडतं?"

"ज्याला उत्तर येत नाही तो जाड घेतो," काका म्हणाले. मला नापास करून ते वळले.

लग्नपत्रिकांच्या आणि बँकेच्या पत्रांच्या पाठकोऱ्या बाजूंवर त्यांची गणितं चालायची. खिडक्या मोजल्या, दारांच्या फटींतून उदबत्तीचा धूर सोडून बघितला, भिंतींवर टकटक करून आत काय भरलंय ते ऐकलं. शेवटी बेसमेंटच्या फरशीवर खडूने सगळं घर काढलं आणि पाइपांच्या रेषांवर आकडे लिहिले. मुख्य पाइप एक इंची. पुढची खोली, झोपायची खोली, पाऊण इंची. बाथरूमला अर्धा. आणि सगळ्यात शेवटी, घराच्या मागच्या टोकाला, किचन. तिथे अर्धा.

काकू चहा घेऊन जिन्यावर आल्या होत्या. त्यांनी रेषांकडे बघितलं. "किचनला अर्धाच?"

"पुष्कळ झाला. शेगडी आहे, ओव्हन आहे, फ्रिज मागून तापतो, वर तू आहेस. सगळ्यात गरम खोली आहे ती. उरेल बघ."

"अहो, पण माझी..."

"तुझी काय?"

काकूंनी काकांच्या गुडघ्यावरच्या खडूच्या भुकटीकडे, लाल डोळ्यांकडे बघितलं. "काही नाही. चहा निवतोय," म्हणाल्या.

उन्हाळाभर काका तांब्याचे पाइप कापत, घासत, डाख लावत होते. हाताला कंप होता, म्हणून एकेक जोड दोन-दोनदा करावा लागायचा. ऑक्टोबरमध्ये त्यांनी पाणी सोडलं, बॉयलर पेटवला आणि मला खाली बोलावलं. "कान लाव. काय ऐकू येतं?"

"काहीच नाही."

"तेच तर," काका म्हणाले. एवढे खूश मी त्यांना त्याआधी कधी पाहिले नव्हते.

आता काकूंच्या खिडकीबद्दल सांगायला हवं. अमेरिकेतल्या आपल्या प्रत्येक घरात फोडणीचा एक सोहळा असतो. वास कपड्यांना धरू नये म्हणून फोडणी घालायच्या आधी कोट कपाटात जातात, झोपायच्या खोल्यांची दारं बंद होतात, पंखा लागतो आणि बाहेर बर्फ पडत असला तरी खिडकी उघडते. काकूंची खिडकी सकाळी आमटी-भाजीला उघडायची, संध्याकाळी पुन्हा. त्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला होत्या. नवीन असताना शेजारच्या टेबलावरच्या बाईने एकदा काही न बोलता उठून त्यांच्या कोटावर सुगंधी फवारा मारला होता. सगळ्यांसमोर. "मला काही म्हणाली असती तरी चाललं असतं," काकू सांगायच्या, "पण ती हसत हसत मारत होती गं." त्या दिवसापासून काकूंनी खिडकी उघडायला सुरुवात केली. फोडणी मात्र एक दिवसही चुकवली नाही.

ही खिडकी काकांच्या डोळ्यांसमोर एवढी वर्षं उघडत होती. पण जुने पाइप मनगटाएवढे जाड. किचनचा रेडिएटर हात भाजेल इतका तापायचा आणि उघड्या खिडकीला पुरून उरायचा. त्यामुळे त्यांच्या कधी ती लक्षातच आली नाही. दारांच्या फटी मोजणाऱ्या माणसाने आपल्या बायकोची खिडकी बंद धरून गणित केलं होतं.

पहिली खरी थंडी पडली त्या सकाळी काकूंनी नेहमीसारखी खिडकी वर सरकवली, फोडणी घातली. किचनचा थर्मामीटर घसरला तो दुपारपर्यंत वर येईना. संध्याकाळी पुन्हा तेच. काकांनी थर्मामीटरवर टिचकी मारली. रेडिएटरवर हात ठेवला, डोळे मिटले, बराच वेळ उघडलेच नाहीत. त्या दिवशी ते जेवले नाहीत. बेसमेंटमध्ये एकेक जोड तपासत बसले. दुसऱ्या दिवशी काकूंनी खिडकी उघडली नाही आणि काटा सत्तरावर ठाम उभा राहिला.

"हवा अडकली होती पाइपमध्ये," काका मला म्हणाले. "निघाली."

त्याच सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. काकू, अंगावर कोट, हातात फोडणीची लोखंडी पळी आणि एका वाटीत मोहरी, हिंग, हळद. धापा टाकत होत्या. "तुझ्या शेगडीवर एवढी फोडणी करून नेऊ का गं?"

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. कारण कळल्यावर म्हटलं, "काकांना सांगून टाका ना."

"सांगितलं की ते आजच्या आज पाइप कापतील. आणि लेक यायच्या आत जमलं नाही तर? तिला निमित्तच हवंय. ती येऊन जाईपर्यंत चालवून घ्यायचं. मग सांगते मी त्यांना, उन्हाळ्यात, आंबा खाताना."

मी म्हटलं, फोडणी मी करून आणत जाईन. पण मला सकाळची बस असायची, आणि काकूंना फोडणी आपल्याच हातची लागायची. त्या झाकण ठेवलेली पळी घेऊन तो उघडा जिना उतरायच्या आणि मी खिडकीतून बघत उभी राहायची. एक हात कठड्याला, पाय चाचपत. रोज सकाळी पायऱ्यांवर मीठ टाकल्याशिवाय मी घर सोडलं नाही. खाली काका मिटक्या मारत वरण ओरपायचे आणि शिवाय सत्तराचा आकडा बघून खूश व्हायचे. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची.

जानेवारीत तो आठवडा आला. फॅरनहाइटमध्येसुद्धा शून्याच्या खाली. शाळा बंद, माझी लॅब बंद. मुलगी आली ती स्वतःचा डिजिटल थर्मामीटर घेऊन. एकेका खोलीत जाऊन तो टेबलावर ठेवायची आणि हाताची घडी घालून वाट बघायची. मागे काका, तोंडी परीक्षेला आलेल्या विद्यार्थ्यासारखे. किचनमध्ये तिने जास्तच वेळ लावला. मी आणि काकू एकमेकींकडे बघत नव्हतो. शेवटी तिने तो यंत्राचा तुकडा खिशात टाकला.

"ओके, बाबा. यू विन."

काकांनी नुसती मान हलवली आणि बेसमेंटमध्ये निघून गेले. थोड्या वेळाने खालून गुणगुणणं ऐकू आलं. वर आले ते एकदम तरुण होऊन. "आज गोळाभात कर," काकूंना म्हणाले. "सगळ्यांनी बसून खाऊ. तूही थांब गं."

गोळाभात म्हणजे नागपूरकडचा खास भात. डाळीचे गोळे घातलेला, आणि पानात वाढल्यावर वरून मोहरी-मिरचीचं कडकडीत फोडणीचं तेल. ते तेल नसेल तर तो भात खायचाच कशाला. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी 'मी जाते' असं सांगितलं, पण तेवढ्यात मुलीने माझ्या हातात ताटं दिली आणि माझ्या लॅबबद्दल विचारायला लागली. तिला उत्तर देतेय तोवर काकू "वरून लिंबू घेऊन येते" म्हणून मागच्या दाराने गेल्यासुद्धा. मी बोलत राहिले आणि माझे कान बाहेर लागले. वर चढलेली पावलं ऐकली. बऱ्याच वेळाने उतरणारी ऐकली. मग एक घसरल्याचा आवाज, कशावर तरी लोखंड आपटल्याचा, आणि काकूंचं "आई गं."

आम्ही तिघंही धावलो. काकू शेवटच्या पायरीपाशी बर्फात बसल्या होत्या, उजवं मनगट डाव्या हाताने धरून. मुलीने त्यांना काखेत हात घालून उठवलं. "आई, आर यू क्रेझी? बाहेर कशाला गेलीस? व्हाय?" काकू नुसत्या "काही नाही, काही नाही" म्हणत होत्या. दोघी आत गेल्या.

काका तिथेच उभे राहिले. त्या थंडीत, अर्ध्या बाह्यांत. समोर पळी उपडी पडली होती. गरम तेलाने बर्फाला एक पिवळं भोक पाडलं होतं आणि भोवती मोहरीचे दाणे आणि दोन लाल मिरच्या. हिंगाचा वास सुटला होता.

"फोडणी," काका म्हणाले. "इथे?"

माझी नजर वर माझ्या दाराकडे गेली.

"ही तुझ्याकडे येते? फोडणी करायला?"

मी मान हलवली.

"केव्हापासून?"

"पहिल्या थंडीपासून, काका."

ते खाली वाकले, पळी उचलली. जिन्याकडे बघितलं, किचनच्या बंद खिडकीकडे बघितलं. "खिडकी," ते म्हणाले. "खिडकी धरलीच नाही मी." त्यांच्या तोंडातून वाफ येत होती.

आत काकूंच्या मनगटावर बर्फाची पिशवी होती. बोटं हलत होती, हातावर एक लहानसा चटका होता, बाकी ठीक. मुलगी म्हणत होती, "जिन्यावर आइस आहे, त्याचं काहीतरी करा. हीटिंगचा काही इश्यू नाहीये." काकूंनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, बोलू नकोस म्हणून. म्हणजे अजूनही सगळं सावरता आलं असतं. काकांनी फक्त गप्प बसायचं होतं.

काकांनी पळी टेबलावर ठेवली. "मी जिंकलेलो नाही," ते मुलीला म्हणाले. "किचनचा पाइप चुकला आहे. तुझी आई फोडणीला खिडकी उघडते. मी ती मोजली नाही. खिडकी उघडली की ही खोली गार पडते, म्हणून ती जिना चढून वर जात होती. मला पास करायला."

काकू म्हणाल्या, "अहो, कशाला..."

"सो इट फेल्ड," मुलगी हळू आवाजात म्हणाली.

"हो. नापास. तू म्हणशील तसं. विकू घर." त्यांनी बेसमेंटच्या दाराकडे बघितलं. "पण विकायच्या आधी मला तो पाइप बदलू दे. चुकीचा पाइप ठेवून मी घर कोणाला देणार नाही."

"नाऊ? बाबा, बाहेर बिलो झीरो आहे! बॉयलर बंद केलात आणि संध्याकाळपर्यंत झालं नाही, तर सगळे पाइप फ्रीझ होतील. मागच्या वर्षीसारखं. आईला परत..." मग ओरडली, "तुम्ही ऐकतच नाही कोणाचं!"

ती चुकत नव्हती. काका पण ऐकणार नव्हते. ते बेसमेंटमध्ये गेले आणि थोड्याच वेळात बॉयलरची घरघर थांबली. मुलगी फोनवर हॉटेल शोधायला लागली. काकूंनी उशीमागची शाल काढली, उघड उघड पांघरली आणि किचनमध्ये खुर्ची ओढून बसल्या. "मी कुठे जात नाही. माझ्या खिडकीसाठी चाललंय ते."

मी खाली गेले. काकांनी पाणी काढून टाकलं होतं, अर्धा इंची पाइप कापून बाजूला टाकला होता आणि उरलेला पाऊण इंची घेऊन जोड लावत होते. किचनच्या भिंतीतून उतरणाऱ्या पाइपमधून एक थेंब येत होता, पुन्हा पुन्हा. ओला पाइप डाख धरत नाही. ते ब्लोटॉर्चने तापवायचे, थेंब यायचा, चर्र व्हायचं, डाख ओघळून जायचा. पुसायचे, पुन्हा तापवायचे. हात एवढा कापत होता की ज्योत लाकडी तुळईला लागते की काय, याची मला धास्ती वाटत होती. वरचे थर्मामीटर मी सारखी बघून येत होते. साठ. मग पन्नासच्या घरात. बाथरूमच्या उत्तरेकडच्या भिंतीला हात लावला तर झटका बसावा इतकी गार. प्रत्येक वेळी खाली येऊन मी आकडा सांगायची आणि काका "हं" म्हणायचे.

एवढ्यात जिन्यावर मुलगी येऊन उभी राहिली. अंगात कोट, हातात गाडीची किल्ली. भांडायलाच आली होती. बापाचा हात तिने बघितला. गुडघ्यांवर बसलेला बाप, टकलावर घाम, आणि तो थेंब.

"काय लागतंय?" तिने विचारलं.

"ब्रेड," काका म्हणाले. "आतला पांढरा भाग. पाइपमध्ये कोंबला की पाणी अडतं तेवढ्यापुरतं. नंतर विरघळून जातो. पोळी चालत नाही, तिला तेल असतं."

त्या घरात ब्रेड कोण आणणार! पण मुलीने स्वतःच्या नाश्त्यासाठी आणला होता. ती वर धावली, पुडा घेऊन आली, स्लाइसचा मधला भाग काढून गोळा केला आणि पाइपमध्ये बोटाने दाबून बसवला. मग बापाच्या शेजारी फरशीवर बसली, त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, घट्ट. "आता लावा," म्हणाली. "मी होल्ड करते."

ज्योत स्थिर झाली. डाख जोडाभोवती गोल फिरला. दोघंही श्वास रोखून बघत होते. थेंब आला नाही.

पाणी सोडलं, बॉयलर पेटला, आणि आम्ही सगळे किचनमध्ये रेडिएटरभोवती उभे राहिलो. आधी आतून खडखड झाली, मग हवा सुटली, मग लोखंड पायथ्याशी कोमट झालं. काकांनी पंजा ठेवला आणि डोळे मिटले. घर परत सत्तरावर यायला चांगलाच वेळ गेला. कोणी जागचं हललं नाही. भात केव्हाच गार झाला होता.

मग काकांनी डोळे उघडले, खिडकीपाशी गेले आणि ती दोन्ही हातांनी वर सरकवली. बाहेरची हवा सुरीसारखी आत आली. दारं उघडी ठेवली म्हणून जगावर ओरडणारा तो माणूस उघड्या खिडकीत उभा राहून काकूंना म्हणाला, "आता घाल फोडणी."

काकूंचा उजवा हात बांधलेला, म्हणून मुलीने पळी धरली. काकू सांगत गेल्या तशी मोहरी टाकली, ती तडतडली, मग हिंग, मग मिरच्या. ठसका बसला सगळ्यांना. मुलीने डिजिटल थर्मामीटर टेबलावर ठेवला. आकडा उतरला, थोडा आणखी उतरला आणि थांबला. रेडिएटर आता हात लावू देत नव्हता. आम्ही थांबलो. आकडा हलला नाही.

"सिक्स्टी एट," मुलगी म्हणाली. "विथ द विंडो ओपन." मग डोळे पुसत, ठसक्याने की कशाने कोण जाणे, "ठेवा घर."

काकूंचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होत्या. "अगं बाई, तुझा कोट बाहेरच राहिला! जा, कपाटात टाक आधी. उद्या विमानात वास येईल."

"येऊ दे, आई," मुलगी म्हणाली.

काकांनी खिडकी आणखी वर ढकलली.